रिकामी, कोरी की नाहीच? स्ट्रिंग तपासण्याची नवशिक्यांसाठी वाट

फॉर्ममधला नावाचा रकाना सक्तीचा होता. कोणीतरी त्यात स्पेसबार तीनदा दाबला, पुढचं बटण दाबलं आणि मोकळा झाला. प्रोग्रामने तपासलं: नाव रिकामं आहे का? उत्तर आलं, नाही. तीन स्पेस नाव म्हणून डेटाबेसमध्ये जाऊन बसल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला "नमस्कार    ," एवढ्याच संबोधनाचा मेल गेला. तो प्रोग्राम मी लिहिला होता.

स्ट्रिंग (म्हणजे प्रोग्राममधला मजकूर, अक्षरांची माळ) रिकामी आहे का, हा प्रश्न प्रोग्रामिंग शिकायला लागल्यावर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच पडतो आणि त्याचं एका ओळीचं उत्तर लगेच सापडतं. ते उत्तर चुकीचं नसतं, पण प्रश्न अर्धवट असतो. डबा रिकामा असतो, कागद कोरा असतो आणि कधी वस्तूच नसते. हे तीन शब्द आपण बोलताना कधी गोंधळत नाही. कोड लिहिताना मात्र तिन्हींना एकाच झाकणाखाली कोंबतो.

एक सूचना: खालच्या उदाहरणांत फंक्शनची नावं आणि कीवर्ड देवनागरीत लिहिले आहेत. एडिटरमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टंकायचे.

पायरी १: आधी ठरवा, विचारायचंय काय

तुम्ही पाकिटाची वाट बघताय असं समजा. पहिली शक्यता, पाकीट आलंच नाही. व्हेरिएबल आहे, पण त्यात स्ट्रिंगच नाही. जावा आणि सी शार्पमध्ये याला नल म्हणतात, पायथॉनमध्ये नन, रूबीत निल. जावास्क्रिप्टने तर नल आणि अनडिफाइन्ड असे दोन प्रकार ठेवलेत, जणू एकाने पुरेसा त्रास झाला नसता. दुसरी शक्यता, पाकीट आलं पण आत काहीच नाही. म्हणजे दोन अवतरणचिन्हं एकमेकांना चिकटून, "", लांबी शून्य. तिसरी, पाकिटात कागद आहे पण तो कोरा: एखादी स्पेस, टॅब, नवी ओळ किंवा या सगळ्यांचं मिश्रण. डोळ्यांना काही दिसत नाही, पण लांबी शून्य नसते.

नल ही कल्पना टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी आणली. पुढे २००९ मधल्या एका भाषणात त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. चूक असो वा नसो, आपल्याला तिच्याबरोबर नांदायचं आहे.

आता तुमच्या कामात यातलं काय चालतं आणि काय नाही, ते ठरवा. नावाच्या रकान्यात तिन्ही चालणार नाहीत. शोधाच्या चौकटीत तिन्ही चालतील. काहीच टाकलं नसेल तर सगळी यादी दाखवा. फोन नंबरच्या बाबतीत नल म्हणजे "विचारलाच नाही" आणि "" म्हणजे "विचारला, दिला नाही" असा फरक एखाद्या प्रोग्रामला खरंच लागतो. आणि पासवर्ड? तिथे कडेच्या स्पेस कापायच्याच नाहीत. कोणी मुद्दाम शेवटी स्पेस ठेवली असेल तर ती त्याच्या पासवर्डचा भाग आहे.

माझा नियम असा: माणसाने टंकलेलं असेल तर "कोरी आहे का" हेच विचारायचं. एका प्रोग्रामने दुसऱ्याला पाठवलेलं असेल तर तिन्ही शक्यता वेगवेगळ्या धरायच्या, कारण तिथे फरकाला सहसा अर्थ असतो.

पायरी २: नलची चौकशी सर्वांत आधी

पाकीटच नसेल तर ते उघडणार कसं? नलवर कुठलीही मेथड चालवायला गेलात की प्रोग्राम कोसळतो. जावात नल पॉइंटर एक्सेप्शन येतं, पायथॉनमध्ये ॲट्रिब्यूट एरर, जावास्क्रिप्टमध्ये टाइप एरर. म्हणून क्रम हा (ट्रिम म्हणजे दोन्ही टोकांच्या स्पेस, टॅब आणि नव्या ओळी कापणं):

```
जर (नाव नल आहे) किंवा (नाव.ट्रिम() == ""):
    दाखवा "कृपया नाव लिहा"
```

इथलं "किंवा" आळशी असतं आणि आपल्याला तेच हवं आहे. डावी बाजू खरी ठरली की ते उजवीकडे बघतच नाही, त्यामुळे नलवर ट्रिम चालवायची वेळच येत नाही. दोन्ही बाजूंची अदलाबदल करा, अर्थ वाचताना तोच वाटेल आणि नल आल्यावर प्रोग्राम पडेल. माझ्यासमोर आलेल्या नवशिक्यांच्या कोडमध्ये या प्रश्नावरची सगळ्यात नेहमीची चूक हीच आहे.

जावा शिकत असाल तर आणखी एक खड्डा. दोन स्ट्रिंग दुहेरी बरोबरच्या चिन्हाने ताडल्या तर जावा मजकूर ताडत नाही. त्या दोन्ही मेमरीतली एकच वस्तू आहे का, ते बघतं. कोडमध्ये थेट लिहिलेल्या स्ट्रिंग जावा एकाच जागी ठेवतं, म्हणून तुमच्या छोट्या चाचणीत हे बरोबर चालल्यासारखं दिसतं. मग वापरणाऱ्याने टंकलेला मजकूर येतो आणि तीच तुलना खोटी ठरते. इक्वल्स वापरा, किंवा सरळ पुढच्या पायरीतल्या मेथड.

पायरी ३: तुमच्या भाषेत नेमकं काय लिहायचं

पायथॉनमध्ये रिकामी स्ट्रिंग आपोआप असत्य धरली जाते, त्यामुळे "इफ नॉट नाव" एवढ्यात नन आणि "" दोन्ही पकडले जातात. तीन स्पेसची स्ट्रिंग मात्र सत्य ठरते, म्हणून "इफ नॉट नाव.स्ट्रिप()" लागतं (स्ट्रिप म्हणजे पायथॉनचं ट्रिम), आणि त्याआधी ननची चौकशी. इझस्पेस नावाची मेथड बघून हुरळून जाऊ नका. ती रिकाम्या स्ट्रिंगवर "नाही" म्हणते, कारण तिला निदान एक तरी अक्षर हवं असतं. आणि ननला एस-टी-आर या, कशाचीही स्ट्रिंग बनवणाऱ्या फंक्शनमधून काढून "सुरक्षित" करू नका. त्यातून रोमन चार अक्षरांची, नन असा शब्द लिहिलेली अगदी भरलेली स्ट्रिंग निघते. ती प्रत्येक चौकशीतून सुखरूप पार होते आणि शेवटी कोणाच्या तरी पत्रावर छापली जाते.

जावात इझएम्प्टी ही मेथड जावा ६ पासून आहे, ती फक्त लांबी बघते. कोरेपणा बघणारी इझब्लँक यायला जावा ११ उजाडावं लागलं, म्हणजे २०१८. त्याआधी लोक अपाची कॉमन्स लँग या लायब्ररीतलं इझब्लँक वापरत. ते नलही पोटात घेतं, म्हणून अजूनही अनेक ठिकाणी दिसेल. जावाचं स्वतःचं इझब्लँक नल पोटात घेत नाही. नाव सारखं, स्वभाव वेगळा.

सी शार्पमध्ये हा प्रश्न मला सगळ्यात नीट सोडवलेला वाटतो. इझनलऑरव्हाइटस्पेस असं लांबलचक पण प्रामाणिक नाव, तिन्ही शक्यता एका झटक्यात, आणि २०१० मधल्या डॉटनेट ४ पासून उपलब्ध. कोटलिनमध्ये याचंच भावंड इझनलऑरब्लँक.

जावास्क्रिप्टमध्ये उद्गारचिन्ह लावून "नाव नाही का" विचारलं की नल, अनडिफाइन्ड आणि "" तिन्ही सापडतात; कोऱ्यासाठी ट्रिम जोडायचं. खरा धोका आकड्यांकडून येतो. कोरी स्ट्रिंग नंबर फंक्शनमध्ये टाकली तर एरर येत नाही, शून्य मिळतं. वयाचा रकाना कोरा सोडणारा माणूस तुमच्या हिशेबात नवजात बाळ होतो. कोरेपणा आधी तपासा, आकड्यात रूपांतर नंतर.

पीएचपीतलं एम्प्टी फंक्शन उलट्या दिशेने चुकतं. नुसतं शून्य लिहिलेली स्ट्रिंगसुद्धा त्याला रिकामी वाटते. "मुलं किती?" या प्रश्नाला कोणी ० लिहिलं की त्याला पुन्हा पुन्हा "हा रकाना भरा" असं सांगत राहणारा फॉर्म असाच जन्माला येतो. ट्रिम करून "" शी तिहेरी बरोबरने ताडा.

गो आणि रस्ट यांत साधी स्ट्रिंग नल असूच शकत नाही, त्यामुळे अर्धं काम तिथेच संपतं. शेल स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल नेहमी अवतरणात घाला. रिकामं व्हेरिएबल अवतरणाशिवाय ठेवलं तर ते ओळीतून गायब होतं आणि तुमची अट भलत्याच गोष्टीवर तपासली जाते.

डेटाबेसचा मामला निराळा. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, नलशी "बरोबर" असं काही नसतं, अगदी नलसुद्धा नलशी बरोबर नसतो. "इझ नल" असंच विचारावं लागतं. त्यात ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला नलच मानतं. एसक्यूएल सर्व्हर तुलना करताना शेवटच्या स्पेस धरतच नाही, म्हणून तिथे तीन स्पेस आणि "" बरोबर ठरतात. पोस्टग्रेस नल, "" आणि तीन स्पेसचा मजकूर या तिघांना वेगळं ठेवतं. डेटाबेस बदलला की रिकाम्याची व्याख्या बदलते, आणि कोड तोच असतो.

फाइल वाचताना एक गोष्ट ठाऊक असली की पुष्कळ डोकेदुखी वाचते. फाइलमधली कोरी दिसणारी ओळ वाचल्यावर "" मिळेलच असं नाही. पायथॉनमध्ये तिच्या शेवटी नव्या ओळीचं अक्षर असतं, म्हणजे लांबी १. रीडलाइनने खरोखरची रिकामी स्ट्रिंग दिली तर अर्थ वेगळाच: फाइल संपली.

पायरी ४: दिसत नाही, पण आहे

एकदा स्प्रेडशीटमधून आलेली नावांची यादी साफ करत होतो. कोऱ्या ओळी वगळायच्या, एवढंच काम. जावातलं इझब्लँक लावलं, बहुतेक ओळी गळाल्या, पण सात ओळी हलायला तयार नाहीत. स्क्रीनवर त्या ठार कोऱ्या. कोड चारदा वाचला, एडिटर बंद करून उघडला, कॉम्प्युटरला दोष देऊन झाला. शेवटी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं: लांबी छापली. १ आली. म्हणजे आत एक अक्षर आहे! मग त्या अक्षराचा युनिकोडमधला, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतला, क्रमांक छापला. १६०.

साध्या स्पेसचा क्रमांक ३२. १६० ही नॉन-ब्रेकिंग स्पेस: दिसायला हुबेहूब तशीच, पण तिच्या दोन बाजूंचे शब्द ओळीच्या शेवटी फुटू नयेत म्हणून वापरली जाणारी. वेबपानांवर तिचा सुळसुळाट असतो आणि कॉपी-पेस्ट करताना ती मजकुरासोबत येते. जावाच्या व्याख्येत ही व्हाइटस्पेस, म्हणजे कोरी जागा दाखवणारं अक्षर, नाही. पायथॉनचं स्ट्रिप, जावास्क्रिप्टचं ट्रिम, सी शार्प, गो आणि रस्ट तिला व्हाइटस्पेस मानतात. पीएचपीचं ट्रिम मानत नाही, एक्सेलचं ट्रिमही नाही. कोटलिन जावाच्याच यंत्रावर चालतं, तरी त्याचं इझब्लँक तिला कोरी म्हणतं. एकच अक्षर, आणि शेजारी राहणाऱ्या दोन भाषांची दोन उत्तरं.

म्हणून सवय लावून घ्या. स्ट्रिंग कोरी दिसतेय पण तपासणीत सापडत नाही, तर आधी लांबी छापा, मग एकेका अक्षराचा क्रमांक. पायथॉनमध्ये ऑर्ड फंक्शन क्रमांक देतं. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये कोडपॉइंटॲट.

```
दाखवा लांबी(ओळ)
प्रत्येक अक्षर ओळीतलं घेऊन:
    दाखवा क्रमांक(अक्षर)
```

युनिकोडने व्हाइटस्पेस म्हणून एकूण २५ अक्षरं ठरवली आहेत. साधी स्पेस, टॅब, नव्या ओळीची अक्षरं, १६०, वेगवेगळ्या रुंदीच्या छापखानी स्पेस आणि १२२८८ क्रमांकाची, चिनी-जपानी लेखनातली रुंद स्पेस यांत येतात. पण काही अक्षरं या यादीतच नाहीत आणि तरी दिसत नाहीत. ८२०३, शून्य रुंदीची स्पेस. नाव स्पेसचं, पण युनिकोडच्या लेखी ती व्हाइटस्पेस नाही, म्हणून पायथॉन किंवा जावास्क्रिप्ट तिला कापत नाहीत. ६५२७९, जे काही फाइलींच्या अगदी सुरुवातीला खुणेसाठी ठेवलेलं असतं. जावास्क्रिप्टचं ट्रिम ते काढतं, पायथॉनचं स्ट्रिप काढत नाही. १०२४० हा ब्रेलमधला एकही ठिपका नसलेला चौकोन. हे शेवटचं लोक गंमत म्हणून "बिननावाचं" नाव घेण्यासाठी मुद्दाम वापरतात.

इथे मोह होतो की सगळी अदृश्य अक्षरं मजकुरातून पुसूनच टाकावीत. थांबा. ८२०५ या क्रमांकाचं शून्य रुंदीचं जोड-अक्षर देवनागरीत कामाचं आहे. "आचाऱ्याला" या शब्दातला अर्धा र काही कीबोर्डवर ऱ वापरून लिहिला जातो, तर काहींवर र, हलन्त आणि ८२०५ असं मिळून. दिसायला दोन्ही सारखेच. दुसऱ्या प्रकारातून ८२०५ पुसलंत तर "आचाऱ्याला" चं "आचार्याला" होतं. स्वयंपाक्याला धाडलेलं बोलावणं थेट गुरुजींच्या दारात. "दऱ्या" चं "दर्या" होतं, म्हणजे डोंगरातून समुद्रात. पुष्कळ इमोजीसुद्धा याच अक्षराने जोडलेल्या असतात. ते काढलं की एका कुटुंबाचे सुटे-सुटे चेहरे होतात.

उपाय सोपा आहे: पुसायचं ते नकलेतून. मजकुराची एक नक्कल घ्या, तिच्यातून व्हाइटस्पेस आणि अदृश्य अक्षरं काढा, काही उरतं का बघा, आणि नक्कल फेकून द्या. साठवायचा तो मूळ मजकूर, फार तर दोन्ही टोकांच्या स्पेस कापून.

पायरी ५: एकच फंक्शन, दारातच

वरचं सगळं दर वेळी आठवावं लागू नये म्हणून ते एका जागी लिहा.

```
फंक्शन कोरी_आहे(मजकूर):
    जर मजकूर नल आहे:
        परत खरं
    नक्कल = अदृश्य_काढा(मजकूर)
    परत नक्कल.ट्रिम() == ""
```

"अदृश्य काढा" मध्ये पायरी ४ मधले क्रमांक घाला: १६०, ८२०३, ८२०५, ६५२७९, १०२४०, आणि सोबत ८२०४, म्हणजे ८२०५ चं उलट भावंड, अक्षरं जुळू न देणारं. एवढे रोजच्या कामाला पुरतात. सगळ्या जगातली अदृश्य अक्षरं गोळा करत बसू नका. नवं एखादं सापडलं की यादीत टाका, फंक्शन एकच असल्यामुळे बदलही एकाच जागी होतो.

हे फंक्शन मजकूर आत येतो त्या दारात वापरा: फॉर्म स्वीकारताना, फाइल वाचताना, दुसऱ्या प्रोग्रामचं उत्तर घेताना. दारात नीट तपासलं की आतल्या प्रत्येक खोलीत पुन्हा "हे नल तर नाही ना" विचारत फिरावं लागत नाही. मी असा कोड पाहिला आहे ज्यात एकाच नावाची नऊ ठिकाणी नलसाठी चौकशी होती, आणि दहाव्या ठिकाणी प्रोग्राम पडत होता.

ब्राउझरच्या भरवशावर मात्र राहू नका. एचटीएमएलमध्ये रकाना सक्तीचा केला, तरी नुसत्या स्पेस टंकल्या की ब्राउझर तो भरलेला समजतो. शिवाय ब्राउझरला वळसा घालून सर्व्हरला थेट मजकूर पाठवता येतोच. ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी, सर्व्हरवरची तुमच्या डेटासाठी. दोन्ही ठेवा. आणि हो, न भरलेला मजकुराचा रकाना फॉर्ममधून "" म्हणून येतो, नल म्हणून नाही. न निवडलेला चेकबॉक्स तर येतच नाही.

ऐच्छिक रकाना कोरा आला तर डेटाबेसमध्ये काय ठेवायचं, नल की ""? फरकाला अर्थ नसेल तर कुठलंही एक धरा, पण त्या रकान्यासाठी कायम तेच. अर्धं नल आणि अर्धं "" असलेल्या रकान्यावर "किती जणांनी भरलं नाही" हा साधा प्रश्न विचारला की प्रत्येक जण वेगळा आकडा काढून आणतो.

वेगाची चिंता करू नका. लांबी शून्याशी ताडावी की मजकूर "" शी, यावर लोक हिरिरीने भांडतात आणि तुमच्या प्रोग्रामला त्याने काही फरक पडत नाही. दोन अपवाद माहीत असू द्यात. सी भाषेत स्ट्रलेन शेवटच्या शून्य बाइटपर्यंत सगळी स्ट्रिंग चालत जातं, तेव्हा पहिलाच बाइट शून्य आहे का ते बघणं पुरतं. स्विफ्टमध्ये काउंट सगळी अक्षरं मोजतं, म्हणून इझएम्प्टी वापरा.

पायरी ६: फंक्शनला त्रास देऊन बघा

लिहिलेलं फंक्शन चालतं की नाही हे "राम" टाकून कळत नाही. त्याला ही मंडळी भेटवा: नल. "". एक स्पेस. एक टॅब. नुसती नवी ओळ. क्रमांक १६० एकटा. क्रमांक ८२०३ एकटा. या सगळ्यांवर उत्तर "कोरी" असंच यायला हवं.

मग उलट बाजू. शून्य लिहिलेली स्ट्रिंग, एकच अक्षर, दोन्हीकडे स्पेस असलेलं अक्षर, नुसता पूर्णविराम. यांतलं काहीही कोरं नाही. पूर्णविराम हे नाव म्हणून चालतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो या फंक्शनला विचारायचा नाही. एक चाचणी "आचाऱ्याला" या शब्दाची ठेवा, ८२०५ घालून लिहिलेल्या: फंक्शनने "कोरी नाही" म्हणावं आणि मूळ स्ट्रिंगची लांबी आधी होती तेवढीच नंतरही असावी.

आणि एक चाचणी नल असा शब्द लिहिलेल्या स्ट्रिंगची. कोणीतरी कधीतरी "नलही वगळायला हवा ना" म्हणून त्या शब्दालाच कोरं ठरवणारी ओळ फंक्शनमध्ये घालतो. पण नल हे आडनाव असलेली माणसं जगात खरोखर आहेत, आणि आपल्याकडे तर दमयंतीचाही एक नल होता. त्याने फॉर्म भरला तर तो स्वीकारला गेला पाहिजे.